मैदानाची रीत

बाई गेल्या, त्यानंतरच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांना 'मुक्या जिवांची माउली' म्हटले. मी मागच्या रांगेत बसले होते. तिथूनच उठले आणि बाहेर आले.

माउली! बाईंना कुत्री आवडत नसत. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे, आणि एकदा नव्हे. "मले कुत्रं बिलकुल आवडत नाई," असे म्हणत त्या हवालदाराच्या कानातली गोचीड चिमट्याने काढत बसायच्या. हवालदार म्हणजे त्यांचा काळा, एका पायाने अधू असलेला गावठी कुत्रा. "आवडाचं काय काम हाये? शाळेतल्या साऱ्या पोट्ट्या का मले आवडत होत्या? पण रांगेत उभी केली ना एकेक."

तिखट माणूस जिवंतपणी कुणाला खपत नाही, म्हणून मेल्यावर त्याच्यावर साखर ओतायची आपल्याकडे चाल आहे. बाईंच्या बाबतीत मी ती चालू देणार नाही. म्हणून हे लिहिते आहे.

त्या माझ्या घरमालकीण होत्या. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली. वडिलांचा छोटा छापखाना होता, आणि ओल्या शाईची पत्रके वाळत घालता घालता मी वाचायला शिकले. अमरावतीला कॉलेजात नाव घातले तेव्हा वडील मला घेऊन कॅम्पात बाईंकडे आले. मुलीला ठेवायला कडक घर हवे होते आणि कडकपणाबद्दल बाईंचे नाव सगळीकडे झालेले होते.

"आपलं आडनाव?" वडिलांनी विचारले.

"ड्रिलटीचर."

"तसं नाही, म्हणजे आपण मूळच्या..."

"खोली पाहाची हाये का माह्यं कूळ?"

वडिलांनी खोली पाहिली. खोली चांगली होती.

बाई कुणाचेच आडनाव विचारत नसत, आणि स्वतःचे सांगत नसत. माणसाला त्याच्या गावावरून हाक मारायच्या. मी पहिल्या दिवसापासून 'अकोला' झाले. "ए अकोला, पाणी भर." "अकोला, तुह्या दिव्याचं बिल लय येऊन राहिलं." मी एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "आडनाव सांगतलं का माणूस अर्धा संपते. गाव सांगतलं तं निदान रस्ता तं समजते."

नऊवारी पातळाचा कासोटा, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात काळ्या गोफात शिट्टी. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म ड्रिल शिकवले होते. निवृत्त झाल्या तरी शिट्टी उतरली नाही. दूधवाला पाणी घालतो असे वाटले की शिट्टी. शेजारच्या घरात नवरा-बायकोचे भांडण चढले की गच्चीवरून शिट्टी, आणि भांडण खरोखर थांबायचे.

आणखी एक गंमत होती. माणसांना त्या सरसकट 'तू' म्हणत आणि कुत्र्यांना 'तुमी'. "हवालदार, बसा तुमी. हा मेला पोस्टमन जाऊ द्या." पोस्टमन हसायचा. त्याला बहुधा सवय झाली होती.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर कडुलिंबांच्या रांगेमागे एक मोकळे मैदान होते. पूर्वी गोऱ्या साहेबांचे घोडे तिथे फिरत. साहेब गेले, पण त्यांच्या सवयी आमच्या लोकांनी ठेवून घेतल्या. सकाळी वकील, इंजिनियर, कापसाचे जिनवाले शेठ अशी मंडळी आपापली कुत्री घेऊन तिथे येत. लोक त्याला कुत्र्यांचे मैदान म्हणत. रीत अशी काही नव्हती. कुत्री मोकळी सुटायची, झुंजायची, शाळेला जाणारी पोरे भिंतीला चिकटून जायची, आणि मालक एकमेकांना इंग्रजीत सांगायचे की आपला कुत्रा फार प्रेमळ आहे.

बाई एके दिवशी हवालदाराला घेऊन तिथे गेल्या आणि शिट्टी वाजवली. त्यांना कुणी नेमले नव्हते. पण शिट्टीचे असे असते, की ती वाजली की माणूस आधी थांबतो आणि मग विचार करतो की आपण का थांबलो. तेवढ्या वेळात बाई बोलून घेत.

जिनवाल्या शेठजींचा कुत्रा वाटेतच घाण करी. बाईंनी तुपाच्या डब्याचे पत्रे कापून एक सुपडे केले होते, ते त्यांनी शेठजींसमोर धरले. शेठजींनी नोकराला हाक मारली.

"कुत्रा कोनाचा? नोकराचा?"

"माझा आहे, बाई, पण..."

"मंग 'पण' घरी ठेव आन वाक."

शेठजी इकडेतिकडे पाहत राहिले. बाई शिट्टी वाजवत राहिल्या. रस्त्यावरची माणसे जमू लागली, तेव्हा शेठजी वाकले. एक काकू येताना कुत्र्यांसाठी पोळ्या आणत, पुण्य म्हणून. त्यांना बाईंनी सांगितले, "दान देवळात कर. इथं पोळी टाकशील तं महाभारत होईन." माजावर आलेली कुत्री घरी ठेवायची. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावायचा तर आधी मालकाला विचारायचे आणि मग कुत्र्याला, म्हणजे हात खाली धरून त्याला वास घेऊ द्यायचा, टाळूवर वरून थापट मारायची नाही. आणि काहीही झाले तरी दोरी जमिनीवर टाकायची नाही. दोरी हातातून हातात जाईल, जमिनीवर पडणार नाही.

मला कुत्र्यांची फार भीती. पहिल्या आठवड्यात हवालदार अंगणात दिसला तशी मी पळाले, आणि तो अधू पायाने माझ्या मागे. बाईंनी शिट्टी फुंकली. आम्ही दोघेही थांबलो.

"पळून काहून राहिली तू? पळते त्याच्या मागंच कुत्रं लागते. हात खाली सोड. ओरडू नको. त्याच्या डोळ्यात पाहू नको, त्याले वाटते भांडाले आली. आंगाची बाजू त्याच्याकडे कर, आन उभी राय. आता पाह्य, ते वास घेईन आन जाईन."

हवालदाराने वास घेतला आणि तो गेला. मी घामाने भिजले होते. बाई म्हणाल्या, "शाबास. रडली असती तं चाललं असतं. पळाली नाई, बस."

पण बाईंचा सर्वांत लाडका नियम वेगळाच होता. दोन कुत्री भेटायच्या आधी दोन माणसांनी भेटायचे. दोन्ही मालकांनी थांबायचे, रामराम करायचा, दोरी ढिली सोडायची, आणि मग कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचे. लोक याला बाईंचे वेड समजत. इंजिनियरसाहेब म्हणाले, "कुत्र्यांना रामरामाचं काय कळतं?"

"त्याइले रामराम नाई कळत. दोरी कळते. तुह्या मनात समोरच्याबद्दल काही असलं का तुही मूठ आवळते. मूठ आवळली का दोरी ताणते. कुत्र्याच्या गळ्यात तुह्यं मन बांधलेलं हाये बाप्पा."

म्हणून त्या साखळी वापरत नसत. कौंडण्यपूरच्या जत्रेत बैलांच्या सामानाची दुकाने लागतात, तिथून सुती कासरा आणायच्या आणि तोच हवालदाराला बांधायच्या. बैलाचा कासरा कुत्र्याला, म्हणून गडीमाणसे हसायची.

वकीलसाहेब मात्र जाड साखळी वापरत. बाई त्यांना 'दर्यापूर' म्हणत आणि त्यांना ते झोंबायचे. त्यांचा टायगर नावाचा अल्सेशियन होता. साहेब सभांतून बोलत, अस्पृश्यतानिवारणावर तर फारच छान बोलत. मी स्वतः दोन वेळा टाळ्या वाजवल्या आहेत.

धम्मदीक्षेनंतरचे दुसरे-तिसरे वर्ष असेल. एका थंडीच्या सकाळी मैदानाच्या तोंडाशी एक तरुण माणूस उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, सायकल, आणि सुती दोरीला करड्या रंगाचा गावठी कुत्रा. वलगावचे होते, ट्रेझरीत कारकून, नुकतेच कॅम्पाजवळ राहायला आले होते. मैदानात पाय टाकायच्या आधी ते खणखणीत म्हणाले, "जय भीम."

सगळ्यांच्या माना वळल्या. बाईंनी त्याहून मोठ्याने उत्तर दिले, "जय भीम! गाव?"

"वलगाव."

"कुत्र्याचं नाव?"

"भुऱ्या."

"या भुऱ्या, तुमी या. वलगाव, तू बी ये."

ते जागचे हलले नाहीत. "बाई, एक सांगतो. मले 'तू' म्हणू नका."

"मी साऱ्याइलेच म्हणते."

"त्या साहेबाइले दुसरं कोनी 'तू' म्हणत नाई, त्याइले म्हणा खुशाल. मले सारेच म्हणतात."

बाईंना असे उत्तर देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्यांनी शिट्टी हातात घेतली, सोडली, आणि म्हणाल्या, "बराबर हाये. तुमी या."

"पण तुमी तं फक्त कुत्र्याइले 'तुमी' म्हणता, असं आयकलं. मले त्याइच्या रांगेत बसवलं का?"

"हाव. वरची रांग हाये ते."

दोघेही हसले. त्या दिवसापासून मैदानावर बाईंचे 'तुमी' मिळालेला तो एकटा माणूस होता.

वकीलसाहेबांनी त्यांना आडनाव विचारले. वलगाव यांनी सांगितले. साहेबांनी साखळीचा एक वेढा मुठीभोवती घेतला. मी शेजारीच होते. टायगरने मान उचलली, कान ताठ केले. बाई ओरडल्या, "दर्यापूर, रामराम कर आन साखळी ढिली सोड!" साहेब वळून दुसऱ्या बाजूला गेले.

हे रोज होऊ लागले. वलगाव दिसले की साहेबांची मूठ आवळायची, साखळी ताणायची, आणि टायगर गुरगुरायचा. भुऱ्याने त्याचे काही केले नव्हते. एके दिवशी कडुलिंबाच्या वळणावर दोघे समोरासमोर आले. साहेबांनी साखळी इतक्या जोरात ओढली की टायगर मागच्या पायांवर उभा राहिला, आणि तसाच भुऱ्यावर पडला. भुऱ्याचा कान त्याच्या जबड्यात सापडला. वलगाव यांनी झुंजीत हात घातला.

"हात नका घालू! मागचे पाय धरा!" बाई धावत ओरडत होत्या. त्यांनी स्वतः भुऱ्याचे मागचे पाय धरून ओढले, साहेबांना शिवी घालून टायगरचे धरायला लावले. कुत्री सुटली. तोवर वलगाव यांच्या पंजातून रक्त वाहत होते.

बाईंनी नळावर नेऊन साबणाने जखम धुवायला लावली. खूप वेळ, पुन्हा पुन्हा. मग त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवले. तिथे पोटात सुया सुरू झाल्या. टायगर पिसाळलेला आहे की कसे, त्याला लस टोचली आहे की नाही, हे कळणे जरूर होते. म्हणून दुपारी बाई मला घेऊन साहेबांच्या घरी गेल्या.

मागच्या अंगणात टायगर न्हात होता. शिकेकाईने. साहेबांच्या पत्नी सोवळे नेसून दूर उभ्या होत्या, गडी घासत होता, आणि स्वतः साहेब काशीहून आणलेल्या गंगेच्या गडूचे झाकण फोडत होते. ते गंगाजल त्यांनी पळीने टायगरच्या तोंडावर, पाठीवर शिंपडले. टायगरने अंग झटकले आणि सगळ्यांवर गंगा उडाली.

"काहून बाप्पा," बाई म्हणाल्या, "लगन हाये का ह्याइचं?"

साहेब ओशाळले. पत्नीच म्हणाल्या, "अहो, हा घरभर हिंडतो. देवघरापर्यंत येतो. आणि त्या... त्यांच्या कुत्र्याला तोंड लागलं ना याचं."

"ह्याले टोचलं का?"

"मागल्या वर्षी," साहेब म्हणाले.

"तरी दहा दिवस बांधून ठेव, आन लाळ, खाणं, सारं पाहात राय. काही फरक दिसला का मले सांग. आन त्या माणसाले पाहून आला का?"

"सरकारी दवाखाना आहे, बाई. औषध फुकट मिळतं."

बाईंनी गंगेच्या रिकाम्या गडूकडे पाहिले. मग त्या हसायला लागल्या. वाईट हसू होते ते. "दर्यापूर, चावा माणसाले बसला, आन न्हाऊन कुत्रं राहिलं!"

मी त्या दिवशी घरी येऊन रडले, रागाने. सभेत वाजवलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत. बाईंनी माझ्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. "रडाचं असंन तं खाऊन रड."

टायगर पिसाळलेला नव्हता. पण मैदानावरच्या मंडळींनी कमिटी केली आणि प्रवेशापाशी फलक लागला: गावठी कुत्री आणण्यास सक्त मनाई, आणल्यास कुत्रे धरणाऱ्या गाडीच्या स्वाधीन केली जातील. चावणारे कुत्रे विलायती होते. मनाई गावठी कुत्र्याला झाली. गाडीत गेलेले कुत्रे परत येत नसे, हे अमरावतीत सगळ्यांना ठाऊक होते.

बाईंनी हवालदाराला फलकासमोर बसवले. "वाचा, हवालदार." हवालदाराने पाय वर केला.

वलगाव यांच्या ऑफिसातली माणसे त्यांना सांगत होती, सोडून दे, कुत्र्यापायी काय. बाईंनीही एकदाच विचारले, "गाडी खरंच येईन. भुऱ्याच्या जिवाचा सवाल हाये. तुमचं काय?"

"तळ्याच्या पाण्यासाठी आमच्या लोकाइनं डोक्शी फोडून घेतली, बाई," वलगाव म्हणाले. "मी मैदानासाठी एक चावा खाल्ला. एवढ्यानं परत जाऊ? मी येतो. पण तुमच्या शिट्टीवर नाई येत, माह्या पायानं येतो."

"मी कुठी बोलावलं?" बाई म्हणाल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर काय उजळले ते मी पाहिले.

दुसऱ्या सकाळी वलगाव आले. हाताला पट्टी, भुऱ्याचा कान फाटलेला. बाई हवालदारासह आधीच उभ्या होत्या. कमिटीची मंडळी एका रांगेत, वकीलसाहेब पुढे, टायगर जवळ. गाडीही आली. दोन माणसे उतरली, लांब काठीला फास लावलेले.

"तो करडा," साहेबांनी छडी रोखली. "आणि ती काळी बला."

गाडीवाले भुऱ्याकडे निघाले. बाई मध्ये आल्या. साहेबांना उशीर खपला नाही. ते स्वतः पुढे झाले, एका हातातली छडी दुसऱ्या हातात घ्यायला गेले, आणि साखळी सुटली.

टायगर साखळी फरफटत थेट वलगाव यांच्याकडे धावला. कुणीतरी किंचाळले. गाडीवाल्याने सवयीने फास मोकळ्या कुत्र्याकडे वळवला.

वलगाव पळाले नाहीत. भुऱ्याची दोरी त्यांनी बाईंच्या हातात दिली, अंगाची बाजू टायगरकडे करून उभे राहिले, आणि साखळी जवळून गेली तशी तिच्यावर बूट ठेवला. मग हळूच वाकून ती उचलली, पट्टी असलेल्या हाताने. साखळी ढिली होती. टायगरने पट्टीचा वास घेतला, भुऱ्याकडे पाहिले, आणि तो खाली बसला.

"टाक ती खाली," साहेब म्हणाले.

"खाली टाकली तं गाडीवाले नेतीन याले. मोकळ्या कुत्र्यालेच धरतात ना हो?" वलगाव यांनी विचारले.

"मोकळ्यालेच," गाडीवाला म्हणाला. "गावठी का विलायती, ते आमी नाई पाहात. मालकाच्या हातात असंन तं आमाले काय करायचं? हे दोघं मोकाट हायेत असं साहेबानं सांगतलं होतं."

"आयकलं, साहेब? हातात घ्या."

"मी म्हणतो, जमिनीवर ठेव, मी उचलतो."

"जमिनीवर ठेवून लय पिढ्या झाल्या, साहेब. हातात घ्या."

साहेबांनी कमिटीकडे पाहिले. कमिटी कडुलिंबाकडे पाहत होती. साहेबांनी खिशातून रुमाल काढला, पंजाभोवती गुंडाळला आणि हात पुढे केला.

वलगाव यांनी साखळी मागे घेतली. "रुमाल ठेवा खिशात."

"हे बघ..."

"'बघा' म्हणा. आन रुमाल ठेवा."

"साहेब, लवकर करा ना बाप्पा," गाडीवाला म्हणाला, "आमाले राजापेठेत जायचं हाये."

मला वाटले, हा माणूस कुत्रा सोडून जाईल, पण हात पुढे करणार नाही. टायगर दोघांच्या मध्ये बसून एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहत होता. साहेबांनी रुमाल खिशात कोंबला. उघडा हात पुढे केला. वलगाव यांनी साखळी त्यांच्या तळहातावर ठेवली, बोटांवर बोटे दाबून, घट्ट, जशी ती नीट द्यायला हवी तशी.

गाडी गेली. साहेबही गेले. भुऱ्या आणि हवालदार फलकाच्या खांबाशी वास घेत हिंडू लागले. बाईंची शिट्टी सबंध वेळ त्यांच्या छातीवर लोंबत होती. ती त्यांनी एकदाही वाजवली नव्हती.

त्या काळी आमच्याकडे हृदयपरिवर्तनावर व्याख्याने फार होत. मीही ती ऐकलेली. घरी परतताना मी बाईंना विचारले, "साहेबांचं मन बदललं असेल का हो?"

बाईंनी कासरा या हातातून त्या हातात घेतला.

"मन? मन त्याच्या घरी ठेवू दे त्याले, गंगेत बुडवून ठेवू दे. मैदानावर येताना हात आणला पायजे त्यानं. आपन मन पाहत बसलो असतो तं वलगाव आजून फलकाच्या बाहेर उभे असते. चाल, पाय उचल, अकोला. कॉलेजात उशीर होऊन राहिला तुले."